टाळ्यांवर संबळ जगत नाहीं

आश्विन महिना जवळ आला कीं आमच्या सुशिक्षित वर्गाला एका विशिष्ट प्रकारचा उमाळा येतो. खेड्यांतील लोककला लयाला चालल्या, तरुण पिढी कर्णकर्कश यंत्रांच्या नादीं लागली, संबळ मुका झाला, तुणतुण्याची तार तुटली, अशा आशयाचे लेख निघतात, व्याख्यानें होतात, आणि तरुणांनीं आपला वारसा जपावा असा उपदेश करून लेखक व वक्ते मोकळे होतात. हा उपदेश आम्हीं पुष्कळ वर्षें ऐकला आहे. इतकेंच नव्हे, तर एके काळीं आम्हींही तो केलेला आहे. म्हणूनच त्याच्याविरुद्ध चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोहोंचतो असें आम्ही समजतों. आमचें म्हणणें थोडक्यांत एवढेंच कीं, या खटल्यांत आरोपी चुकीचा धरला गेला आहे. खेड्यांतील तरुणानें गाणें टाकलें नाहीं. गाण्याचा प्रसंग, गाण्याचा गुरु आणि गाण्याचा दाम हे तिन्ही त्याच्यापासून काढून घेण्यांत आले, आणि काढून घेणाऱ्यांत आमच्या वर्गाचा वांटा मोठा आहे.

ज्यास याचा पुरावा हवा असेल त्यानें घटस्थापनेच्या आदल्या दिवशीं तामलवाडीस जाऊन रस्त्याच्या कडेला तासभर उभें राहावें. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यांतील हें गांव सोलापूर-तुळजापूर महामार्गावर आहे, व हल्लीं प्रवाशांस तें बहुधा टोलनाक्यामुळेंच ठाऊक असतें. त्या दिवशीं मात्र या रस्त्याला निराळेंच रूप येतें. सोलापुराकडील आणि त्यापलीकडील गांवोगांवच्या नवरात्रमंडळांचे तरुण तुळजापुराहून भवानीची ज्योत घेऊन धांवत आपापल्या गांवीं निघालेले असतात. एकाच्या हातांतील ज्योत दुसरा घेतो, दुसऱ्याची तिसरा घेतो; कित्येकांच्या पायांत वहाणही नसते. पुढें कोजागिरीच्या सुमारास याच रस्त्यानें उलट दिशेला, तुळजापुराकडे, पायीं जाणाऱ्या यात्रेकरूंची रीघ लागते, व त्यांतही तरुण कांहीं थोडे नसतात. परंतु ज्योतीमागून येणाऱ्या मोटारीकडे पाहावें. तिच्यावर ध्वनिक्षेपकांची उतरंड रचलेली असते, आणि तिच्यांतून कोठल्या तरी चित्रपटाच्या चालीवर बसविलेलें देवीचें गाणें छातींत धडका देत असतें. पाय तरुणांचे, घाम तरुणांचा, भक्तीही तरुणांचीच. गळा मात्र यंत्राचा!

हें दृश्य पाहून आमचे उपदेशक म्हणतात, ‘पाहा, तरुण बिघडला!’ आम्ही विचारतों, जो मुलगा देवीसाठीं रात्रभर डांबरी रस्त्यावर अनवाणी धांवतो, त्याला आळशी, परंपराद्रोही किंवा अश्रद्ध कोणत्या तोंडानें म्हणावें? त्याच्याजवळ उत्साह आहे, सवंगडी आहेत, श्रद्धा आहे. त्याच्याजवळ नाहीं तें एकच: धांवतां धांवतां किंवा विसांव्याला बसल्यावर म्हणावयाचें गाणें त्याला कोणीं शिकविलेलें नाहीं. यंत्र भाड्यानें मिळतें. गळा भाड्यानें मिळत नाहीं.

आणि हें घडतें तें कोठें? ज्या क्षेत्रानें महाराष्ट्राला गोंधळ दिला त्याच क्षेत्राच्या वाटेवर! गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई असे दोन भेद सांगतात. त्यांपैकीं कदमराई हे तुळजाभवानीचे उपासक. कुलाचाराच्या दिवशीं चौक मांडावा, घट बसवावा, दिवटी पेटवावी, गणेशापासून आरंभ करून गांवोगांवच्या दैवतांना नांवें घेऊन गोंधळास पाचारण करावें, मग देवीचीं पदें व्हावींत, आणि उत्तररात्रीं नायकानें आख्यान लावावें व साथीदारानें मध्येंच आडवे प्रश्न विचारून श्रोत्यांस हंसवावें, अशी ही रात्रभर चालणारी रचना आहे. कमरेला बांधलेला जोडसंबळ, तुणतुणें आणि झांज एवढ्या साहित्यावर ती उभी राहते. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदास हा गोंधळीच होता. गोंधळ्यांच्या जोडीला आराधी आहेत. गळ्यांत कवड्यांची माळ आणि हातीं परडी घेऊन स्त्रिया व पुरुष मेळ्यानें देवीचीं गाणीं म्हणतात, व आराधी होण्यास अमुकच जातीचा असावा अशी अटही नाहीं. येवढें भांडार ज्याच्या दाराशीं आहे त्या मुलाला मोटारीवरचें यंत्र कां लागावें?

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं एक भेद स्पष्ट केला पाहिजे. तो न केल्यामुळें आजपर्यंतच्या विलापांत पुष्कळ घोटाळा झाला आहे. कांहीं गाणीं त्यांचा प्रसंग गेला म्हणून गेलीं, आणि तो प्रसंग गेला हें चांगलेंच झालें. पहांटे उठून जात्यावर दळणाऱ्या बायकांनीं ओव्या रचल्या. गी प्वातवां आणि हेमा राईरकर यांनीं सहकाऱ्यांच्या मदतीनें अशा 1 लाखाहून अधिक ओव्या खेड्यापाड्यांतून टिपून ठेवल्या, हें त्यांचें मराठी भाषेवरील मोठेंच ऋण आहे. परंतु ओवी जगावी म्हणून तामलवाडीच्या सुनेनें गिरणी सोडून पुन्हां जात्याशीं बसावें, असें म्हणण्याचा निर्दयपणा आम्ही करणार नाहीं. मोटेबरोबर मोटेवरचीं गाणीं गेलीं. त्यांसाठीं विहिरीवरचा पंप कोणी काढून टाकावा असेंही नाहीं. अशा गाण्यांची जागा संग्रहांत आहे, आणि तेथें तीं सन्मानानें राहोत.

गोंधळाची गोष्ट मात्र तशी नाहीं. लग्नें व्हावयाचीं थांबलीं आहेत काय? जागरण-गोंधळाचा कुलाचार बंद पडला आहे काय? नवरात्रांत तुळजापुरीं येणारी माणसें रोडावलीं आहेत काय? प्रसंग जसेच्या तसे उभे आहेत. त्या प्रसंगांतून गोंधळ्याला हळूच बाहेर काढण्यांत आलें आहे. येथें काळाला दोष देऊन चालणार नाहीं.

याबाबतींत आम्ही आमच्याच घरची हकीकत सांगतों. आमच्या आप्तांपैकीं एका सुशिक्षित व संपन्न कुटुंबांत विवाह झाला. कुळधर्म म्हणून गोंधळ ठेविला होता. वृद्ध गोंधळी दोन साथीदारांसह सायंकाळींच येऊन बसला. भोजनें, छायाचित्रें आणि वरातीचें नाचणें आटोपेपर्यंत मध्यरात्र उलटली. मग यजमानांनीं त्याला बोलावून सांगितलें कीं, पाहुणे दमले आहेत, अर्ध्या तासांत काय तें उरकून घ्यावें. त्यानें गण म्हटला, दैवतांना आवाहन केलें आणि आरतीवर आला. आख्यान झालेंच नाहीं. जातांना त्याच्या हातावर जी रक्कम ठेवण्यांत आली ती वरातीच्या यंत्राच्या भाड्याच्या दशांशानेंही नव्हती. त्याच्याबरोबर त्याचा तरुण नातू आला होता. तो कोपऱ्यांत उभा राहून हें सर्व पाहत होता. त्या मुलानें दुसऱ्या दिवशीं संबळ खुंटीला टांगून मोटारीवरची नोकरी धरली असेल, तर त्याला वारशाचा उपदेश करावयास आम्हीं कोणत्या तोंडानें जावें? त्या रात्रीं आम्ही तेथेंच होतों. दमलेल्या पाहुण्यांत आमचाही समावेश होता, आणि आम्ही कांहीं बोललों नाहीं.

कोणी म्हणतील, ‘पण आतां शाळा-महाविद्यालयांतून लोकनृत्यांच्या स्पर्धा भरतात, युवकमहोत्सवांत गोंधळ, लेझीम, जोगवा सर्व कांहीं होतें. मग चिंता कशाची?’ या स्पर्धा आम्हीं पाहिल्या आहेत. नऊवारी पातळें व फेटे भाड्यानें आणलेले असतात, संगीत बहुधा ध्वनिमुद्रित असतें, आणि रात्रभर चालणारा गोंधळ मोजक्या मिनिटांत बसविलेला असतो. मुलें मन लावून नाचतात. त्यांच्या मेहनतीला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु स्पर्धा संपल्यावर त्यांपैकीं किती जणांना संबळावर एक आवर्तन वाजवितां येतें? किती जणांनीं आपल्याच तालुक्यांतील गोंधळ्याच्या घरचा उंबरा ओलांडलेला असतो? ज्या कलेंत पोषाख खरा आणि गाणें यंत्राचें, ती कला जगली असें म्हणणें म्हणजे पेरणीच्या चित्रानें कणगी भरण्यासारखें आहे.

दुसरे कोणी शासनाकडे बोट दाखवितात. शासनानें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. ज्येष्ठ कलावंतांस मासिक मानधन देण्याची योजना आहे, व 2024 सालीं तें दरमहा 5000 रुपये ठरविण्यांत आलें. म्हातारपणीं हा आधार अवश्य हवा. पण मानधन म्हाताऱ्याला मिळतें. विद्या जावयाची ती तरुणाकडे, आणि त्या मधल्या पुलाला कोणी दगड लावीत नाहीं. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगांवकर यांचा जन्म 1935 सालचा व मृत्यु 2002 सालचा. राष्ट्रपतींचा गौरव त्यांना लाभला, आणि उतारवयांत हलाखीही लाभली. आतां त्यांच्याच नांवानें राज्याचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. गौरव करण्यास आमचा समाज कधींच कृपण नव्हता. भाकरीच्या वेळीं मात्र त्याचा हात आंखडतो.

जगाकडे पाहावें तर तेथेंही हाच धडा आहे. युनेस्कोनें 2003 सालीं अमूर्त वारशाच्या रक्षणाचा करार केला व 2005 सालीं भारत त्यांत सामील झाला. कलकत्त्याची दुर्गापूजा 2021 सालीं आणि गुजरातचा गरबा 2023 सालीं त्या यादींत गेला. त्याच गरब्याचीं व दांडियांचीं गाणीं लावून हल्लीं आमच्याकडील मंडळें नवरात्राच्या रात्रीं जागवितात, याचा आम्हांस हेवा नाहीं. गरबा यादींत गेला म्हणून जिवंत राहिला नाहीं. गुजरातेंत घरोघरच्या मुलीबाळी नऊ रात्री स्वतः फेर धरतात म्हणून तो जिवंत आहे, आणि जिवंत आहे म्हणून यादींत गेला. त्या करारांतही कला एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे पोहोंचविण्यावरच भर आहे. आम्हीं मात्र यादीची आणि पदकाची वाट पाहत बसावयाचें ठरविलेलें दिसतें.

आतां आमच्या मतावरील सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळतों. तो आक्षेप विद्वानांचा नाहीं. ज्यांच्या वाडवडिलांनीं हीं वाद्यें वाजविलीं त्यांच्याच शिकलेल्या मुलांचा आहे, आणि म्हणूनच तो आदरानें ऐकला पाहिजे. ते म्हणतात, ‘हलगी आमच्या गळ्यांत कोणीं बांधली? ती कला म्हणून बांधली कीं गांवकी म्हणून? गांवच्या लग्नांत आमच्या बापानें पुढें वाजवीत जावें आणि पंगतीच्या वेळीं दूर बसावें, हाच ना तुमचा वारसा? तो आम्हीं कशाला जपावा?’ याला उत्तर नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं गांवकीचीं हीन कामें टाकून देण्यास सांगितलें तें योग्यच होतें, आणि ज्यांनीं त्याबरोबर हलगीही टाकली त्यांना दोष देण्याचा अधिकार त्यांना पंगतीबाहेर बसविणाऱ्यांच्या वंशजांस मुळींच नाहीं. तीच गोष्ट देवाला मुली सोडण्याची. ती प्रथा कायद्यानें बंद झाली. महाराष्ट्राचा त्याविषयींचा अलीकडचा कायदा 2005 सालचा आहे. जोगव्याचें गाणें गोड आहे म्हणून ती रूढि कोणी गोड मानूं नये.

मग काय करावें? कलेची जातीशीं बांधलेली गांठ सोडावी, आणि ती दोन्ही बाजूंनीं सोडावी. गोंधळ्याच्या मुलाला वैद्य किंवा वकील होण्याची जितकी मोकळीक, तितकीच मोकळीक पाटलाच्या, वाण्याच्या व ब्राह्मणाच्या मुलाला संबळ शिकण्याची असली पाहिजे. हलगी शिकावयाची तर ज्याच्या घरीं ती विद्या आहे त्याच्या पायाशीं बसून, त्याला गुरु म्हणून व गुरुदक्षिणा देऊन शिकली पाहिजे. वाजविणाराला पंगतीबाहेर बसविणाऱ्या गांवाला हलगी ऐकण्याचा हक्क नाहीं, हें आम्ही स्पष्टपणें म्हणतों.

हें केवळ स्वप्नरंजन आहे असें ज्यांस वाटेल त्यांनीं आपल्याच गांवच्या देवळाकडे पाहावें. याच मराठवाड्यांत, याच यंत्रयुगांत, मृदंगाचें काय झालें? तो मेला नाहीं. दर साल गांवोगांव हरिनाम सप्ताह बसतो, पोरसवदा मृदंगी तासन्‌तास साथ करतात, आणि शेतकऱ्यांचीं मुलें टाळ धरून पावली खेळतात. असें कां झालें? वारकऱ्यांनीं उपदेश फार केला म्हणून नव्हे. जोगमहाराजांनीं 1917 सालीं आळंदीस वारकरी शिक्षणसंस्था काढली. तेव्हांपासून खेड्यांतील मुलाला शिकण्याचें ठिकाण मिळालें. एकादशी, सप्ताह आणि वारी यांनीं त्याला वाजविण्याचे नेमलेले प्रसंग दिले. चांगल्या मृदंग्याला बिदागी मिळूं लागली. शिवाय टाळ-मृदंग हें कोणा एका जातीचें ओझें राहिलें नाहीं. गुरु, प्रसंग, दाम आणि मोकळें दार; या चारांच्या बळावर मृदंग टिकला. पुण्याच्या ढोलताशापथकांकडे पाहिलें तरी हेंच दिसेल. तेथें महाविद्यालयांतील मुलगे आणि मुली गणपतीपूर्वीं कित्येक आठवडे रोज सायंकाळीं सराव करितात. तरुणांना वाद्य नको असतें तर हीं पथकें भरलींच नसतीं. मात्र त्यांपासून एक इशाराही घ्यावा: हौशी पथकें वाढलीं कीं पोटासाठीं वाजविणारा खेडेगांवचा वादक मागें पडण्याचा संभव असतो. विद्या सर्वांची व्हावी, पण ती देणाराच उपाशी राहूं नये.

एक शेवटचा आक्षेप उरतो. ‘मरणारें मरूं द्यावें, तरुणांना यंत्राचा नाद आवडतो, हीच आजची लोककला,’ असें कांहीं नवमतवादी म्हणतात. यंत्राशीं आमचें वैर नाहीं. त्याच्या आवाजाला आळा घालण्यास 2000 सालचा नियम आहे, व रात्रीं 10 नंतर ध्वनिक्षेपकास सामान्यतः बंदीही आहे; पण ध्वनिक्षेपक बंद केल्यानें गळा आपोआप उघडत नाहीं, म्हणून आम्ही त्या नियमावर विसंबत नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. यंत्रासमोर गांव नुसता श्रोता होतो. गोंधळांत गांव भाग घेतो. नायक गांवच्या दैवताचें नांव घेतो, यजमानाच्या कुळाचें नांव घेतो, साथीदार समोरच्या म्हाताऱ्याची थट्टा करतो आणि सारी बैठक हंसते. त्या गाण्यांत तामलवाडी असते. मोटारीवरच्या यंत्रांत तामलवाडी नसते. तें येथें वाजलें काय आणि शंभर कोसांवर वाजलें काय, सारखेंच. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनीं 1891 सालीं पोवाडे छापून काढले म्हणून त्यांचे शब्द तरी आज आमच्या हातीं आहेत. पण तो पोवाडा कसा म्हणावयाचा, श्वास कोठें घ्यावयाचा, झांज कोठें थांबवावयाची, हें कागदावर उतरत नाहीं. तें माणसांतून माणसांत जातें, आणि मधला एक माणूस गळला कीं संपतें.

तेव्हां आमचें मागणें तरुणांकडे नाहीं. तें या मासिकाच्या वाचकांकडे आहे, म्हणजे आमच्याच वर्गाकडे आहे. पहिली गोष्ट: ज्यांच्या घरीं कुळधर्म आहे त्यांनीं गोंधळ पुरा करावा. त्यासाठीं वेगळी रात्र ठेवावी, आख्यानासह तो ऐकावा, मुलांना पुढें बसवावें, आणि वरातीवर जेवढें खर्चितां त्याच्या निम्मे तरी गोंधळ्याच्या हातावर ठेवावें. ज्यांची देवावर श्रद्धा नाहीं त्यांनीं आख्यान म्हणून ऐकावें; चांगल्या कथेला कुळाची अट नसते. दुसरी गोष्ट: 2020 च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणांत स्थानिक कलावंतांना शिक्षक म्हणून नेमण्याचा विचार मांडलेला आहे. आपल्या गांवच्या व तालुक्याच्या शाळांत आठवड्यांतून दोन तास तरी गोंधळी, आराधी व हलगीवादक यांना वेतन देऊन बोलवावें, आणि त्यांच्याकडे पदवीचा कागद मागूं नये, असा आग्रह पालकांनीं धरावा. तिसरी गोष्ट नवरात्रमंडळांच्या देणगीदारांसाठीं आहे. मंडळें देणगीसाठीं तुमच्याच दारीं येतात. पावती फाडण्यापूर्वीं एवढेंच विचारावें कीं, यंदा तुमच्यापैकीं कितीजण गाणार आहेत, आणि त्यांना शिकविणाराला काय देणार आहां?

यांपैकीं एकही गोष्ट अवघड नाहीं आणि एकीलाही शासनाची वाट पाहावी लागत नाहीं. तीं केल्यावरही तरुणांनीं पाठ फिरविली, तर मग आम्ही खुशाल त्यांच्या नांवानें बोटें मोडूं. तोंपर्यंत आमच्यापैकीं कोणीही तरुण बिघडल्याचा लेख लिहावयास बसूं नये. त्यापेक्षां येत्या घटस्थापनेच्या आदल्या दिवशीं त्यानें तामलवाडीच्या रस्त्यावर जाऊन उभें राहावें, ज्योत घेऊन धांवणाऱ्या त्या पोरांना पाणी द्यावें, आणि आपल्या लग्नांतल्या गोंधळ्याला आपण काय दिलें होतें तें मनांतल्या मनांत आठवावें.